कॅनिस्टर फिल्टरच्या नळीत बसवलेला घरगुती हीटर : थंडी, उन्हाळा आणि पावसाळ्यातील वापरानंतरचा अनुभव

ऑस्कर पाळणाऱ्याला टाकीतल्या काचेच्या हीटरची धास्ती का वाटते, हे हा मासा वाढवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. फूटभर वाढणारा हा दक्षिण अमेरिकेतील मासा दगड सरकवतो, झाडे उपटतो आणि हीटर दिसला की त्यालाही धडका देतो. त्यातच बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 12 ते 14 अंशांपर्यंत सहज उतरतो, आणि ऑस्करला तर 24 ते 28 अंशांचे पाणी लागते. म्हणून मी हीटर टाकीबाहेर काढला आणि कॅनिस्टर फिल्टरमधून, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेल्या बंद डब्यातल्या फिल्टरमधून, टाकीत परत जाणाऱ्या नळीच्या वाटेत एका जाड नळकांड्यात बंद करून बसवला. हायडॉर कंपनीचे 200 आणि 300 वॅटचे तयार हीटर याच तत्त्वावर चालतात. माझी घरगुती जोडणी गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीपासून आजवर चालू आहे.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. त्यात प्रत्यक्षात सुमारे 225 लिटर पाणी राहते. हीटर 200 वॅटचा, साधा काचेचा. एवढे पाणी एक अंशाने तापवायला साधारण 940 किलोज्यूल उष्णता लागते आणि हा हीटर तासाला 720 किलोज्यूल देतो, म्हणजे काहीच उष्णता वाया गेली नाही तरी तासाला पाऊण अंशच चढतो. ताशी 800 लिटरचा प्रवाह धरला, तर नळकांड्यातून बाहेर पडणारे पाणी आत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम 0.2 अंशांनी गरम असते. त्यामुळे माशांच्या अंगावर कढत पाण्याची धार येईल ही भीती निराधार आहे. प्रवाह चालू असेपर्यंत तरी.

नळकांड्यासाठी मी साधी पीव्हीसी न वापरता दीड इंची सीपीव्हीसी घेतली. साधी पीव्हीसी साठ अंशांच्या आसपास दम सोडते, तर सीपीव्हीसी नव्वदच्या घरातले तापमान सोसते. नळकांडे उभे आहे, पाणी खालून शिरते आणि वरच्या टीमधून (तीन तोंडांच्या जोडातून) बाहेर पडते, म्हणजे हवेचे बुडबुडे आपोआप वर सरकतात. टीच्या माथ्यावर आट्यांची कॅप आहे आणि हीटरची वायर कॅपमध्ये बसवलेल्या पीजी-9 मापाच्या केबल ग्लँडमधून, म्हणजे वायरीभोवती घट्ट आवळून पाणी अडवणाऱ्या बुचातून, बाहेर येते. त्यासाठी वायरीचा मूळ प्लग कापून नंतर नवा लावावा लागतो. कॅपला भोक पाडायला मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो होतो. त्यांनी कॅप हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "तोंड गोल आहे हिचं, वायसर सपाट बसायचा नाही. आधी फेसिंग मारतो, मग आटे पाडतो." हात-ड्रिलने पाडलेल्या भोकात हे साधले नसते. आजवर त्या सांध्यातून पाण्याचा थेंब आलेला नाही. सोल्यूशनने जोडलेले भाग मी दोन दिवस वाळवले आणि त्यानंतर बादलीतले पाणी वारंवार बदलून धुतले, कारण त्यातला द्रावक माशांना घातक असतो.

या जोडणीत सर्वाधिक विचार करावा लागतो तो प्रवाह थांबण्याचा. नळकांड्यात अर्धा लिटर पाणी मावते आणि ते वाहायचे थांबले तर 200 वॅटचा हीटर त्याला मिनिटाला पाच-साडेपाच अंशांनी तापवू शकतो. वीज गेली आणि पंपाचा इन्व्हर्टरही संपला, की पंप आणि हीटर दोन्ही बंद असतात, त्यात धोका नाही. पण वीज परत आल्यावर हवा अडकल्याने पंप नुसताच घरघरत राहिला आणि हीटर मात्र सुरू झाला, तर काम बिघडते. म्हणून माझ्याकडे तीन पहारे आहेत. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आधीच 30 अंशांवर लावून आत बंद केला आहे. खरे नियंत्रण एसटीसी-1000 या बाहेरच्या कंट्रोलरकडे असून त्याचा सेन्सर टाकीत आहे आणि तो 26 अंशांवर लावला आहे. तिसरा पहारा म्हणजे नळीतला फ्लो स्विच, जो पाणी वाहायचे थांबले की 12 व्होल्टच्या रिलेमार्फत (विजेने चालणाऱ्या स्विचमार्फत) हीटरची वीज तोडतो. फिल्टरची तोटी हळूहळू बंद करत गेले की एका ठिकाणी रिले 'टक्' करतो आणि हीटरसाठी बाहेर लावलेला दिवा विझतो. ही तपासणी मी दर वेळी फिल्टर धुतल्यावर करतो. पहिले दोन्ही पहारे असताना तिसरा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. थर्मोस्टॅटची टोके चिकटून बसणे हा काचेच्या हीटरचा नेहमीचा आजार आहे आणि टाकीतल्या सेन्सरला नळकांड्यात काय शिजते आहे ते कळत नाही, म्हणून तो हवाच.

विजेबाबत आणखी एक गोष्ट. अशा हीटरला बहुधा दोनच पिना असतात, अर्थिंग नसते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) घरात नसेल, तर कृपया हे काम हाती घेऊ नये. काच तडकली तर पाण्यात उतरलेला करंट आरसीसीबीला कळावा यासाठी मी टाकीत टायटॅनियमचा अर्थिंग प्रोबही ठेवला आहे. पंप इन्व्हर्टरवर आहे, हीटर नाही. झाकलेली टाकी दोन-तीन तासांत फारशी थंड होत नाही, फिल्टरमधल्या जिवाणूंना मात्र वाहते पाणी लागतेच.

थंडीच्या महिन्यांत टाकीचे तापमान पहाटेसुद्धा 25.5 च्या खाली गेले नाही. पूर्वी टाकीच्या एका टोकाला कोमट आणि दुसऱ्या टोकाला गार असा फरक हाताला जाणवायचा, तो आता नाही. नळकांड्यावर एसीच्या पाइपाला घालतात तो काळा फोम गुंडाळला आहे. एप्रिल-मे महिन्यांत हीटर जवळजवळ बंदच होता. पावसाळ्याने मात्र मला चकित केले. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाआठवडा ऊन दिसत नाही, दिवसाचे तापमानही चोविसाच्या आसपास रेंगाळते आणि हीटर रोज काही तास चालतो; खानापूरकडे पाऊस याहून जास्त, तिथल्या मंडळींनी हा खर्च हिवाळ्यापुरता धरू नये.

उणिवाही सांगतो. हीटर आत बंद असल्याने त्याचा दिवा दिसत नाही, म्हणून बाहेर वेगळा निऑन दिवा लावावा लागला. आमच्या बोअरच्या पाण्यामुळे काचेवर पांढरा थर बसतो. दोन्ही बाजूंना तोटी आणि युनियन (हाताने सोडवता येणारा जोड) असल्याने नळकांडे सुटे करून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवता येते, पण त्यात अर्धा दिवस जातो. पुन्हा बसवताना कॅप थोडी सैल ठेवून, वरून पाणी झिरपू लागल्यावरच आवळावी, नाहीतर हीटरच्या डोक्याभोवती हवा राहते आणि त्याचा थर्मोस्टॅट चुकीचे तापमान धरतो.

सर्वात गंभीर बाब गळतीची आहे. नळकांडे टाकीखालच्या कपाटात असते, त्यामुळे एक सांधा निसटला तर सायफनने बहुतेक टाकी घरात रिकामी होऊ शकते. यासाठी फिल्टरकडे पाणी ओढणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली चार बोटांवर एक बारीक छिद्र पाडावे आणि परतीच्या नळीचे तोंड पृष्ठभागालगत ठेवावे. पातळी छिद्राखाली गेली की हवा शिरून धार तुटते. त्या छिद्रात शेवाळ धरते, म्हणून दर पाणीबदलाला ते टाचणीने मोकळे करावे.