चिंध्यांच्या पोत्यावर फिरलेलं चाक

शिवून उरलेल्या चिंध्या टाकवत नाहीत आणि कापत बसायला वेळ नाही, या दुखण्याची मी जुनी रोगी. वर्षभरापूर्वी रोटरी कटर (मुठीला गोल, फिरणारं पातं असलेला कापड कापायचा कटर), त्याखाली अंथरायची मॅट आणि ६ बाय २४ इंचांची पारदर्शक पट्टी असा संच घेतला. पोतं अर्ध्यावर आलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी गोधडीच्या तुकड्यांसाठी पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून खडूने आखायचे आणि कात्रीने कापायचे. कात्रीचं खालचं पातं कापड उचलतं, थर सरकतात, दहा चौकोनांची दहा मापं. पाव इंच शिलाईच्या कामात धागाभर फरकही रांगेच्या शेवटी कोपरे जुळू देत नाही. मग उसवा. कटरमध्ये कापड मॅटवर पडून राहतं, नुसतं चाक फिरतं. सुती कापडाचे चार थर एका दमात निघतात. असा कटर पहिल्यांदा ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली आणला. आपण इतकी वर्षं कात्रीने बोटं का दुखवली, कोण जाणे.

पातं ४५ मिमीचं घ्या. वळणं कापायची असतील तर २८चं बरं.

खरा फायदा वेळेचा झाला. ‘सुट्टीत गोधडी करू’ म्हणता म्हणता किती सुट्ट्या गेल्या. आता काही शिवून झालं की उरलेला तुकडा तिथल्या तिथे इस्त्री करून अडीच इंची चौकोनांत कापते आणि डब्यात टाकते. दहा मिनिटांचं काम. मशीनवर दुसरं काही चालू असेल, तर एक शिवण संपल्यावर दोरा न तोडता दबावपट्टीखाली (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली) दोन चौकोन सरकवते. वेगळी बैठक न मारता जोड्या साठत जातात. शिवल्यावर चौकोन दोन इंचांचा उरतो. १८ बाय २४ च्या मांडणीत ४३२ चौकोन लागले आणि ३६ बाय ४८ इंचांची बाळगोधडी झाली.

आता तक्रारी. एकदा पातं टाचणीवरून गेलं. तेव्हा काहीच वाटलं नाही, पण पुढे कापताना दर साडेपाच इंचांवर दोन-तीन धागे न कापता राहायला लागले. पात्याचा घेर जवळपास तेवढाच. खाच पडलेली जागा फिरून खाली आली की तिथे चुकायचं. पातंच बदलावं लागलं. मॅटवर इस्त्री टेकवण्याचा शहाणपणाही मी केला, तेव्हापासून एक कोपरा कायमचा फुगलाय. आणि पट्टी! चिंध्यांसाठी २४ इंची पट्टी म्हणजे टाचणी ठोकायला हातोडा. साडेसहा इंची चौकोनी पट्टी वेगळी घ्यावी लागली. तीही कापडावरून घसरायची, मग मागे बारीक पॉलिश पेपरचे ठिपके चिकटवले.

पातं प्रत्येक वेळी झाकणात घालाच. डाव्या हाताचा अंगठा पट्टीबाहेर डोकावत होता, तेव्हा नखावर निभावलं.

पोत्यात उरलंय ते बहुतेक जॉर्जेट आणि शिफॉन. ते पट्टीखालूनही पळतं. त्याला हे चाकही पुरं पडलेलं नाही.