वास्कोतील मराठी प्रार्थनावर्ग : सहा शनिवारांचा अनुभव

वास्को शहरातील एका लहान मराठी मंडळीने यंदा पावसाळा ओसरताना ‘प्रार्थना कशी करावी’ या विषयावर सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग घेतला. वेळ संध्याकाळी ५ ते ६.३०, शुल्क ३०० रुपये, आणि त्यात ४० पानांची पुस्तिका व चहा धरलेला. मंडळीचे आणि शिकवणाऱ्या पाळकांचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत आणि इथली मराठी ख्रिस्ती वस्ती एवढी थोडी आहे की रविवारी उपासना सुटल्यावर मला त्यांच्यासमोरूनच जायचे असते. वर्ग सर्वांना खुला होता. आम्ही २६ जण होतो. त्यांत निम्म्याहून अधिक माझ्यासारखी, घाटावरून नोकरीनिमित्त येऊन इथे रुळलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांतली. पाच-सहा कोकणी बोलणाऱ्या पण मराठी चांगले समजणाऱ्या कातोलिक बायका. आणि माझ्या कार्यालयातील एक हिंदू सहकारी, ज्यांना निव्वळ कुतूहल होते आणि ज्यांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

जागा पहिल्या मजल्यावरची, पंखे दोन, त्यांपैकी एक चालणारा. दाबोळीला उतरणारी विमाने नेमकी डोक्यावरून जातात, त्यामुळे पाळकसाहेबांनी “आता दोन मिनिटे शांत राहू या” असे म्हणायला आणि खिडकीची तावदाने थरथरायला एकच गाठ पडत असे. तिसऱ्या शनिवारपर्यंत त्याचे कोणाला हसूही येईनासे झाले.

पहिल्याच दिवशी एक लहानशी गंमत घडली आणि तिने वर्गाला चांगली दिशा दिली. सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणायची असे ठरले. “आम्हांला वाइटापासून सोडव” येथवर सगळे आवाज एकत्र होते. तिथे कातोलिक बायका “आमेन” म्हणून थांबल्या आणि आम्ही मात्र “कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत” असे म्हणत पुढे निघालो. मग आमचे आवाजही एकेक करून ओशाळे होत गेले. पाळकसाहेबांनी प्रकरण झाकून न नेता तिथल्या तिथे उलगडून सांगितले. ही प्रार्थना बायबलात मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, येते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही शेवटची ओळ नाही, लूकच्या अकराव्या अध्यायातील प्रार्थना तर याहूनही आखूड आहे, आणि कातोलिकांच्या मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, हेच शब्द येतात, पण मध्ये पाद्रीची एक छोटी प्रार्थना झाल्यावर. म्हणजे कोणी काही गाळलेले नाही आणि कोणी घरचे काही घुसडलेले नाही. लहानपणापासून पाठ असलेल्या ओळींविषयी मला ही माहिती पन्नाशी उलटल्यावर मिळाली, हे येथे कबूल करते.

दुसऱ्या शनिवारी ‘खोली’ हा शब्द घेतला गेला, आणि वर्गाचा दर्जा इथे कळला. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घ्या, असे येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निजायची खोली असा नाही, तो साठवणुकीच्या जागेचा, कोठीचा शब्द आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांना कोठी नाही, कोठार नाही, असे म्हटले आहे, तिथे हाच शब्द येतो. गरिबाच्या घरात दार लावता येईल अशी जागा बहुधा तेवढीच असायची. हे सांगून पाळकसाहेबांनी प्रत्येकाला आपापली कोठी कोणती ते विचारले. सडा भागात एका खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्या एका बाईंनी सांगितले की, पहाटे नळाला पाणी येते तेव्हा त्या दोन बादल्या घेऊन मोरीत जातात, दार ओढून घेतात आणि बादली भरेपर्यंत बोलतात. पाण्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही. यावर पाळकसाहेब काही क्षण बोललेच नाहीत. मग फळ्यावर त्यांनी ‘कोठी’ या शब्दाखाली ‘मोरी’ असे लिहिले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

पुढचा मुद्दा ‘व्यर्थ बडबड’ हा होता; प्रार्थनेत ती करू नका, असे येशू त्याच अध्यायात सांगतो, आणि इथे खोलीतले वातावरण जरा ताणले गेले. कातोलिक बायका रोज तिन्हीसांजेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, त्यात तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. ही बडबड समजायची काय, असे त्यांच्यातल्या एकीने सरळ विचारले. माझ्या सहकाऱ्यांनी लगेच नामजपाचा आणि श्रावणात वास्कोत दामोदराच्या देवळात चोवीस तास अखंड चालणाऱ्या भजनी सप्ताहाचा दाखला दिला. आमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर ‘आता सापडले’ असा भाव होता, तो उत्तराने पुसला गेला. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने तीन वेळा प्रार्थना केली आणि तिसऱ्या वेळीही तेच शब्द उच्चारले, असे मत्तय स्पष्ट लिहितो. बायबलातल्या १३६ व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी देवाची दया सनातन आहे हेच पालुपद आहे. तेव्हा आक्षेप पुनरुक्तीवर नाही. पुष्कळ शब्द ओतले म्हणजे देवाला ऐकावेच लागेल, या समजुतीवर आहे. कारणही तिथेच दिले आहे, की तुम्ही मागण्यापूर्वीच तुम्हांला कशाची गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे. ठाऊक आहे तर मागायचेच कशाला, हा सहकाऱ्यांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. त्यावर पाळकसाहेबांनी बाप आणि लेकरू यांच्या बोलण्याचे उदाहरण दिले. ते मला गोड वाटले, पुरेसे वाटले नाही.

उभे राहावे की गुडघे टेकावेत, हात जोडावेत की पसरावेत, या बाबतीत तिसऱ्या शनिवारी फार वेळ गेला नाही, आणि ते योग्यच झाले. शास्त्रात, म्हणजे बायबलात, उभ्याने, गुडघ्यांवर आणि जमिनीवर पालथे पडून केलेल्या प्रार्थना आहेत, हात वर करणारे आहेत, आणि वर पाहायचीही हिंमत नसलेला, ऊर बडवणारा जकातदारही आहे. त्यापेक्षा हन्नेच्या गोष्टीवर थांबणे मला अधिक मोलाचे वाटले. मूल व्हावे म्हणून ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती; तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, म्हणून एली याजकाला ती प्यायलेली वाटली. प्रार्थना करणाऱ्याला ओळखण्यात खुद्द याजकाचीच चूक होते ही नोंद शास्त्राने झाकून ठेवलेली नाही, आणि पाळकसाहेबांनीही ती स्वतःवर घेऊन सांगितली.

चौथा शनिवार भाकरीचा आणि ऋणाचा, म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ आणि ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ या मागण्यांचा. ‘रोजची’ या अर्थाने येथे जो ग्रीक शब्द आला आहे तो या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ आजच्या दिवसापुरती, उद्याची की जगण्याला लागेल एवढी, यावर अभ्यासकांचा खल अजून संपलेला नाही. इस्राएल लोकांना रानात देवाकडून मिळालेला मान्ना हा अन्नपदार्थ एका दिवसापुरताच गोळा करायचा, उरवून ठेवला तर त्यात किडे पडत, ही बायबलातल्या निर्गम या पुस्तकातील हकीकत त्याला जोडून आली. चहाबरोबर त्या दिवशी उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, होते. कातोलिक बायकांपैकी एकीने हातातला उंडा दाबून दाखवला आणि म्हणाली, पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो तेव्हाचा उंडा आणि आत्ताचा उंडा यात हाच फरक. आमच्या नगरकडच्या भाकरीवर वाढलेल्या मला प्रार्थनेतला ‘आज’ हा शब्द गोव्याच्या पावाने समजावला.

ऋणाचा भाग मात्र मी कोठेही इतका नीट शिकवलेला पाहिला नाही. लूकच्या पाठात ‘पापे’ असा शब्द आहे, मत्तयाच्या पाठात ‘ऋणे’; आपण मराठीत ऋणे म्हणतो. प्रभूची प्रार्थना संपल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर भाष्य करतो, आणि ती मागणी भाकरीची नाही, राज्याचीही नाही. तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हांला क्षमा करणार नाही, एवढेच तो पुन्हा सांगतो. ही गोष्ट समोर पुस्तक उघडे असूनही माझ्या कधी लक्षात आली नव्हती. मग मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराची कथा आली. त्याचे माफ झालेले कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, म्हणजे हे कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. आणि त्याने ज्याचा गळा धरला त्या सोबत्याचे देणे १०० दीनार, म्हणजे सव्वातीन महिन्यांच्या रोजाचे. हा हिशेब पाळकसाहेबांनी फळ्यावर मांडला. मला आवडले ते असे की, शंभर दीनार म्हणजे काहीच नाही, असे ते म्हणाले नाहीत. गरिबाला तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर ते खरेच बुडणे असते, असे ते म्हणाले, आणि प्रत्येकाला एकेक कोरी चिठ्ठी दिली. ज्याने आपले काही बुडवले आहे त्याचे नाव लिहायचे, कोणाला दाखवायचे नाही, आणि ज्या दिवशी ते ऋण खरोखर सोडता येईल त्या दिवशी ती फाडायची. घाई करू नका, हे त्यांनी दोनदा बजावले. दहा मिनिटे कोणी बोलले नाही. एक विमान येऊन गेले, तेही कोणाला जाणवले नसावे.

एवढ्या चांगल्या वर्गात पाचवा शनिवार फसला, हे लिहिणे भाग आहे. विषय होता ‘उत्तर न मिळालेली प्रार्थना’, आणि निम्म्याहून अधिक मंडळी, माझ्या अंदाजाने, याच दिवसासाठी आलेली होती. पण बाहेरून आलेल्या एका गायकवृंदाला आधी वेळ दिला गेला, गाणी लांबली, आणि विषयाच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे उरली. पुस्तिकेत त्या प्रकरणाला दीड पान आहे आणि त्यात ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ हे वचन मोठ्या टायपात छापण्यापलीकडे फारसे काही नाही. नवऱ्याच्या आजारपणात तीन वर्षे प्रार्थना करून अखेर त्याला गमावलेल्या एका बाईंनी आपली व्यथा मांडली, तेव्हा वर्गाला मदत करणाऱ्या एका गृहस्थांनी पाळकसाहेबांच्या आधी तोंड उघडले आणि विश्वासात कोठेतरी उणीव राहिली असेल, असे त्यांना सांगितले. बाई काही न बोलता खाली बसल्या.

हे निर्दयपणाचे तर होतेच, शिवाय शास्त्राला सोडून होते. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्यासाठी प्रभूला तीनदा विनवले आणि काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. दुःखाचा प्याला टळावा म्हणून खुद्द येशूने बागेत विनवले आणि प्याला टळला नाही. ८८ वे स्तोत्र तर काळोखातच संपते, पुढे सांत्वनाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते स्तोत्रांच्या, म्हणजे प्रार्थनेच्याच, पुस्तकात मानाने बसलेले आहे. स्वार्थी हेतूने मागितलेले मिळत नाही असे याकोब आपल्या पत्रात जरूर म्हणतो, पण त्या वाक्याचा दगड करून विधवेवर भिरकावण्याचा परवाना त्याने कोणाला दिलेला नाही. मी हे सर्व त्याच संध्याकाळी जिन्यात पाळकसाहेबांना सांगितले, जरा चढ्या आवाजात. त्यांनी ऐकून घेतले आणि सहाव्या शनिवारी सुरुवातीलाच, सर्वांसमोर, मागच्या आठवड्यात चुकीचे उत्तर दिले गेले असे सांगून त्या बाईंची क्षमा मागितली. मग त्यांनी १३ वे स्तोत्र वाचले. सहाच ओव्यांचे ते स्तोत्र, आणि सुरुवातीच्या दोन ओव्यांतच ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा. त्यावर त्यांनी भाष्य केले नाही. त्या बाई त्या दिवशी आलेल्या होत्या, म्हणून हे परीक्षण मी निषेधाचे पत्र न करता परीक्षण म्हणून लिहीत आहे.

किरकोळ तक्रारींत पुस्तिकेचा टाइप फार बारीक आहे, आणि न्यायाधीशाकडे हेलपाटे घालणाऱ्या विधवेचा दाखला लूकच्या अठराव्या अध्यायात असताना तो अकराव्यात छापला आहे. अकराव्यात आहे ती मध्यरात्री तीन भाकरी उसन्या मागणाऱ्या मित्राची गोष्ट. चहा चांगला होता. माझे एक गाऱ्हाणे थोडे वैयक्तिक आहे. गोव्यात बसून देशी भाषेत ख्रिस्ती शिकवण द्यायची आणि फादर थॉमस स्टीफन्सचे नाव सहा शनिवारांत एकदाही काढायचे नाही, हे मला चमत्कारिक वाटले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे (जेझुइट म्हणजे येशू संघ या कातोलिक संघाचा धर्मगुरू) मराठी ओव्यांतले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले आणि त्याची कोकणी ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही ख्रिस्ती शिकवणीची पुस्तिका त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये तिथेच निघाली. ही जागा वास्कोहून काही फार लांब नाही. कातोलिक आणि प्रॉटेस्टंट एकाच बाकावर बसलेले असताना त्या पोथीतल्या चार ओव्या वाचल्या असत्या तर बाक आणखी जवळ आले असते.

नवा वर्ग ईस्टरनंतर सुरू होणार असल्याचे सांगितले गेले आहे. नावनोंदणी उपासनेनंतर तळमजल्यावर होते आणि पैसे पहिल्या दिवशी दिले तरी चालतात. जाणाऱ्यांनी वाचायचा चष्मा न्यावा, चालू पंख्याखालची बाजू, म्हणजे डावीकडची, धरावी, आणि पाचव्या शनिवारी गायकवृंद बोलावलेला आहे काय हे आधीच विचारून घ्यावे. मी या खेपेला पुन्हा नाव घातले आहे आणि ही विचारणा लेखी केली आहे. चौथ्या शनिवारची चिठ्ठी सध्या माझ्या पवित्र शास्त्रात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायाशी, घडी घालून ठेवलेली आहे. ती अजून फाडलेली नाही.