स्पीकर लावून देणारा माणूस: ८०० रुपये वसूल

कोथरूडच्या आमच्या १० बाय १२ च्या हॉलमध्ये स्पीकर वर्षभर कोपऱ्यात कोंबलेले. डग्गा नुसता घुमायचा आणि मी शिव्या घालायचो स्पीकरला. शेवटी दुकानातून माणूस बोलावला, ८०० रुपये.

तो आला तोच स्पीकरच्या मागच्या भोकाकडे बोट दाखवत म्हणाला, "काका, हा इथून श्वास घेतो. तुम्ही त्याचं नाकच भिंतीला दाबलंय!" दोन्ही स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. दोघांत सहा फूट अंतर, माझ्या खुर्चीपासूनही सहाच. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा गोल, बसल्या कानाच्या उंचीला. मग बायकोचा हातआरसा घेऊन तो बाजूच्या भिंतीवर सरकवत गेला. मला खुर्चीतून आरशात स्पीकर दिसला, तिथे जाड पडदा लावायला सांगितलं. आवाज तिथूनच उसळून कानावर येतो म्हणे.

आता गायिका बरोब्बर मधोमध बसून गाते, तानपुरा जरा मागे. डग्ग्याची थाप थाप वाटते, ढोल नाही.

एक स्टार कापलाय, कारण स्वारी दीड तास उशिरा उगवली. आणि स्पीकर पुढे आल्यापासून केर काढताना मला रोज बोलणी बसतात, पण त्यात त्याची काय चूक?