‘90 दिवसांत 5000 शब्द’: पैसे भरण्याआधी हे वाचा

जीआरई ही प्रवेश परीक्षा देऊन परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर सध्या “90 दिवसांत 5000 प्रगत इंग्रजी शब्द, गुणांची हमी” अशा जाहिराती सतत येतात. अशाच एका ऑनलाइन क्लासने माझ्या धाकट्या बहिणीला 54,000 रुपयांना गंडा घातला. तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही, पण पद्धत सांगते.

सुरुवात मोफत ‘शब्दसंपत्ती चाचणी’ने होते. निकाल आला: तुला फक्त 2300 शब्द येतात. पोरगी हादरली. नंतर मी शब्दकोश उघडून तीच चाचणी सोडवली, सगळी उत्तरं बरोबर दिली, तरी माझेही 2300च! आकडा आधीच ठरलेला होता.

मग फोन. “ताई, निम्मी फी आज रात्री बारापर्यंतच.” बहिणीला उत्पन्न नाही, म्हणून बाबांचं पॅन कार्ड घेतलं आणि ‘नोंदणीसाठी’ म्हणून त्यांच्याकडून ओटीपी घेतला. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे प्रत्यक्षात बाबांच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज होतं. कंपनीने पूर्ण रक्कम क्लासला एकदम दिली. आता क्लासने शिकवलं काय आणि न शिकवलं काय, हप्ता बाबांच्या खात्यातून जाणारच.

आणि शिकवलं काय? विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांमधलं नातं ओळखणं. हे प्रश्न जीआरईमधून ऑगस्ट 2011 मध्येच काढून टाकले आहेत! आता वाक्यातल्या रिकाम्या जागा असतात. दोन-तीन जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्याशिवाय गुण नाही. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडायचे. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा दोन तासांच्या आत आटोपते, भाषेच्या भागात 27 प्रश्न, त्यातले साधारण निम्मे उताऱ्यांवरचे. शब्दासमोर एका ओळीचा अर्थ लिहिलेल्या याद्या घोकून इथे निभाव लागत नाही. शब्द कुठल्या वाक्यात, कुठल्या शब्दांच्या सोबतीने येतो हे वाचनातूनच अंगवळणी पडतं. बहिणीने याद्या तोंडपाठ केल्या आणि सराव परीक्षेत अडली, तेव्हा ‘मीच ढ आहे’ असं तिला वाटायला लागलं. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

क्लासच्या ‘गुप्त यादी’त तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली शैक्षणिक शब्दांची यादी जशीच्या तशी होती. 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द म्हणजे एक कुळ) ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते. परीक्षा घेणारी ईटीएस संस्था स्वतःच दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत देते. उजळणीसाठी अँकी हे ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे. एवढ्यावरच बहिणीची नव्याने तयारी चालली आहे, आणि छान चालली आहे.

तुम्ही अडकलाच असाल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका, सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारे गुण) ज्याच्या नावावर कर्ज त्याचा बिघडतो. आधी कर्जाचा करार मागवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात माघारीची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. क्लासला आणि वित्त कंपनीला, दोघांनाही ईमेल करा. कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, माहितीसाठी क्रमांक 14448. क्लासविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन 1915. यशाची खोटी हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींविरुद्ध नोव्हेंबर 2024 पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तक्रारीत त्यांचा उल्लेख जरूर करा. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि क्लासला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच काढा. आमच्या तक्रारीनंतर ती जाहिरात गायब झाली.

1915 वर तक्रार गेल्यावर क्लासने पैशांऐवजी दुसऱ्या कोर्सचं कूपन देऊ केलं, सोबत ‘आमची तक्रार नाही’ असं लिहून द्यायची अट. आम्ही सही केली नाही. आता जिल्हा आयोगाचे कागद तयार होत आहेत.