काठावरून पाणी वाहत असेल तरच पुलात उतरा : रिसॉर्टच्या सदस्यत्वाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

खोल्या, व्ह्यू, चेक-इन, नाश्त्याचा बुफे यांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे आणि ते बहुतेक खरंच आहे. गाद्या चांगल्या आहेत, गरम पाणी कधीही येतं, खोलीत ओलीचा वास नाही. इथल्या पोहण्याच्या पुलाचे, म्हणजे इन्फिनिटी पुलाचे, फोटोही तुम्ही पाहिलेच असतील : निळं पाणी सरळ दरीत ओतल्यासारखं दिसतं तो. मी सदस्यत्व घेतलं ते त्या पुलासाठीच. गुडघ्यांमुळे चालण्याचा व्यायाम बंद झालाय, पोहणं तेवढं जमतं, आणि पोहताना समोर भिंतीऐवजी डोंगर दिसणार असेल तर त्यासाठी आगाऊ पैसे भरायची माझी तयारी होती. पण आता सदस्यत्वाच्या नूतनीकरणाची नोटीस आली आहे. त्याच आठवड्यात तिथे मुक्कामाला असताना संध्याकाळी पुन्हा पुलाचा काठ कोरडा दिसला आणि रिसेप्शनवरून उत्तर मिळालं, "मॅडम, व्ह्यू तर तोच आहे ना." त्या उत्तरासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

असा पूल चालतो कसा हे थोडक्यात सांगते, कारण माझी सगळी तक्रार त्यावर उभी आहे. दरीकडची भिंत बाकीच्या कडांपेक्षा किंचित खाली असते. पूल काठोकाठ भरलेला असतो आणि पाण्याचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर त्या भिंतीवरून सतत पलीकडे सांडत राहतो. भिंतीच्या मागे, वरून न दिसणारा एक चर असतो. सांडलेलं पाणी तिथे जमून टाकीत जातं आणि पंप ते पुन्हा पुलात आणून सोडतो. पंप थांबला की थोड्याच वेळात पाणी भिंतीच्या खाली उतरतं. मग ओल्या-कोरड्या टाइलची एक पट्टी उघडी पडते आणि दरीत विरघळणारा पूल साध्या हौदासारखा दिसायला लागतो.

दिसण्यापुरतं असतं तर मी एवढी चिडले नसते. पुलातली जी घाण माणसांच्या अंगावरून येते, तिचा मोठा भाग वरच्या थरात राहतो. सनस्क्रीन, त्वचेचं तेल, केसांचं तेल, क्रीम, सगळं तरंगतं. वाहता काठ नेमका हाच वरचा थर ओढून नेतो. या पुलाला बाजूच्या भिंतींत पृष्ठभागाचं पाणी ओढणारी तोंडं नाहीत. फिल्टरला जाणारं बाकीचं पाणी तळाच्या जाळ्यांतून जातं. म्हणजे काठ थांबला की खालचं पाणी गाळलं जातं आणि आपलं नाक-तोंड ज्या पातळीवर असतं तिथलं पाणी जागच्या जागी राहतं. सूर्य कलला की तिरप्या उजेडात पाण्यावरचा तवंग स्पष्ट दिसतो. पायऱ्यांच्या कोपऱ्यात मी तो बोटाने ओढून पाहिला आहे. इंद्रधनुषी कडा असलेली पातळ साय बाजूला सरकते आणि बोट काढलं की पुन्हा जुळते.

आता स्पा. माझी सगळ्यात कमी अपेक्षा स्पाकडून होती आणि सगळ्यात जास्त समाधान तिथेच मिळालं, हे मोकळेपणाने लिहिते. पहिल्याच वेळी थेरपिस्टने झोपवण्याआधी विचारलं की कुठे दुखतं, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठल्या तेलाची ॲलर्जी आहे का. हे प्रश्न न विचारता थेट तेल ओतणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. गुडघ्याच्या सांध्यावर तिने अजिबात जोर दिला नाही. मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटऱ्या यांवरच वेळ दिला आणि दाब किती हवा हे मधूनमधून विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना फरक जाणवला. पुढच्या मुक्कामातही तीच काळजी घेतली गेली, म्हणून हा एखाद्या चांगल्या दिवसाचा योगायोग म्हणता येणार नाही.

स्टीमची खोलीही व्यवस्थित आहे. सौना आणि स्टीम यांत गोंधळ होतो म्हणून सांगते : सौनात हवा कोरडी आणि तापमान 80 अंश सेल्सिअसच्या पुढे, तर स्टीममध्ये तापमान साधारण 40 ते 50 अंश, पण हवा वाफेने पूर्ण भरलेली. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे आकडा कमी असूनही स्टीममध्ये शरीर लवकर तापतं. दहा मिनिटांच्या वर बसू नये आणि बाहेर येऊन पाणी प्यावं. तिथला सेवक घड्याळावर लक्ष ठेवून दार ठोठावतो, हे मला फार आवडलं.

पण याच स्पामुळे पुलाचा प्रश्न वाढतो. मसाज संपला की अंगभर तेल असतं. स्पात शॉवर आहेत, चांगले आहेत, पण दुलई ओढून घ्यावी तसा तो मऊ झगा अंगावर घेऊन लोक तसेच पुलाकडे जातात. संध्याकाळी स्पाच्या वेळा भरलेल्या असतात, त्याच वेळी सूर्यास्त पाहायला पुलात गर्दी होते आणि त्याच वेळी काठ कोरडा पडतो. तेल सगळ्यात जास्त आणि ते काढणारी सोय बंद.

मी माझ्यासोबत पाणी तपासायच्या पट्ट्या नेते. पट्टी पाण्यात बुडवायची, झटकायची नाही, आडवी धरायची आणि डबीवर लिहिलेल्या वेळेनंतर रंग जुळवायचा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या शिफारशीप्रमाणे पुलात मुक्त क्लोरीन (म्हणजे अजून खर्च न झालेलं, जंतू मारायला शिल्लक असलेलं) किमान 1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, असावं, उन्हापासून क्लोरीन टिकवणारं सायन्युरिक ॲसिड वापरत असतील तर किमान 2, आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा आकडा, 7.0 ते 7.8 मध्ये. सकाळी इथली पट्टी नेहमी समाधानकारक असते. दुपारनंतर क्लोरीनचा रंग फिका पडलेला असतो. ऊन क्लोरीन तोडतं आणि गर्दी ते खाऊन टाकते. संध्याकाळी तो ओळखीचा उग्र "पुलाचा वास" येतो. पुष्कळ लोक तो वास म्हणजे स्वच्छतेची खूण समजतात. प्रत्यक्षात घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास. डोळे लाल होतात तेही बरंचसं त्यांच्यामुळेच. नीट राखलेल्या पुलाला असा वास जवळजवळ येत नाही.

बरेच दिवस माझा समज असा होता की वीज वाचवायला पंप बंद करतात. तशी तक्रार मी लेखी दिली होती आणि मॅनेजरसाहेबांशी आवाज चढवून बोलणंही झालं होतं. मग पूल सांभाळणाऱ्या दादांनी एका सकाळी मला पंपरूम दाखवली. त्यानंतर या बाबतीत माझं मत बदललं.

टाकी लहान आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस साधारण 60 लिटर पाणी बाजूला सारतो. 25 माणसं उतरली की 1500 लिटर पाणी काठावरून पलीकडच्या चरात जातं. टाकीत तेवढी जागा नाही, म्हणून वरचं पाणी जादा पाण्याच्या पाइपने सरळ बाहेर निघून जातं. थोड्या वेळाने ही माणसं जेवायला म्हणून वर येतात आणि पुलात तेवढ्या पाण्याची तूट पडते. दीडशे चौरस मीटरच्या पुलात 1500 लिटर म्हणजे पातळीत 1 सेंटिमीटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण काठावरचा थरच मिलिमीटरांचा असतो. पंप टाकीतलं पाणी पुलात भरत राहतो, टाकी तळाला जाते आणि पंप कोरडा चालून जळू नये म्हणून सेन्सर तो बंद करतो. मग बारीक पाइपने नवीन पाणी यायची वाट पाहायची. वारा असेल त्या दिवशी आणखी उशीर, कारण काठावरच्या पातळ थरातून आणि मागच्या भिंतीवरून बाष्पीभवन जास्त होतं. दादा म्हणाले, "मॅडम, मी बटन बंद करत नाही, ते आपोआप बंद होतं. मी फक्त पाणी भरायची वाट बघतो." त्यांनी मला सेन्सरची तार, जादा पाण्याचा पाइप आणि त्याच्या तोंडाशी साचलेला क्षारांचा पांढरा थर दाखवला. त्या पाइपमधून किती काळ किती पाणी वाया जात असेल हे त्या थरावरूनच कळत होतं.

तेव्हापासून दादांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ते पहाटे उठून तळ झाडतात, पीएच तपासतात, जाळ्या धुतात. माझी तक्रार बांधणाऱ्यांवर आहे, आणि हे सगळं माहीत असून पाहुण्यांना "व्ह्यू तोच आहे" असं सांगणाऱ्यांवर आहे. शिवाय मी पाण्याच्या बाबतीत काटकसरीने वाढलेली आहे. खोलीत टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा अशी पाटी लावायची आणि मागच्या बाजूने स्वच्छ केलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी नाल्यात सोडायचं, हे मला सहन होत नाही. ते पाणी, ती औषधं आणि तो पंप यांचे पैसे सदस्यांच्या वार्षिक वर्गणीतूनच जातात.

गरम पाण्याच्या जकुझीबद्दलही थोडं सांगायला हवं. तिथे निष्काळजीपणा जास्त महागात पडतो. कोमट-गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं आणि बुडबुड्यांमुळे बारीक तुषार थेट श्वासात जातात. लेजिओनेला हा जिवाणू अशाच पाण्यात वाढतो. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अधिवेशनाला आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडले, अनेक दगावले आणि त्या तपासातूनच हा जिवाणू ओळखला गेला. म्हणून जकुझीत क्लोरीन किमान 3 पीपीएम हवं आणि पाणी 40 अंशांच्या वर जाऊ नये. इथल्या पॅनेलवर एकदा 41 दिसलं, मी सांगितल्यावर तिथल्या मुलाने लगेच कमी केलं. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये आणि दारू पिऊन कोणीच बसू नये. पाटीवर हे लिहिलेलं आहे, पण ती पाटी झाडाच्या कुंडीमागे आहे.

तक्रारींचा उपयोग झाला का? थोडा झाला. स्पातून पुलाकडे जाणाऱ्या दारावर आता "आधी शॉवर, मग पूल" असं मोठ्या अक्षरांत लावलंय आणि झगा घालून निघालेल्या पाहुण्यांना थेरपिस्ट स्वतः शॉवरकडे वळवतात. नुसतं मिनिटभर अंग धुतलं तरी बरीचशी घाण पुलाबाहेर राहते. दुपारी दादा टाकी मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात, म्हणजे गर्दी उतरल्यावर सांडलेलं पाणी वाया न जाता त्यात मावतं. मधल्या वारी त्यामुळे संध्याकाळीही काठ वाहताना मी पाहिला आणि तेव्हा पाण्याचा वास खरोखर कमी होता. शनिवार-रविवारच्या गर्दीला हा उपाय पुरत नाही. त्याला मोठी टाकीच हवी.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंगच्या फोनवर "इन्फिनिटी पूल आहे का" असं विचारू नका, त्याला हो असंच उत्तर येतं. संध्याकाळी सहा वाजता काठावरून पाणी वाहत असतं का आणि क्लोरीन-पीएचच्या नोंदी पाहुण्यांना दाखवता का, हे विचारा. पोहोचल्यावर खोल टोकाशी उभं राहून तळाची जाळी स्वच्छ दिसते का ते बघा. जाळी धूसर दिसली तर मुलांना उतरवू नका. पोहायचं असेल तर सकाळी लवकर जा. त्या वेळचं इथलं पाणी उत्तम असतं आणि पहिल्या उन्हात तो काठ खरंच दरीत विरघळतो. त्या तासासाठी माझा अजूनही या जागेवर जीव आहे. मसाज पोहण्यानंतर घ्या, आधी नको.

नूतनीकरणाच्या नोटिशीला मी उत्तर पाठवलं आहे. पूर्ण वर्षाची वर्गणी आत्ता भरणार नाही. टाकीचं काम कधी होणार ते लेखी द्या, आणि तोपर्यंत मला फक्त मधल्या वारांचं स्वस्तातलं सदस्यत्व द्या, असं कळवलंय. मॅनेजरसाहेबांनी फोन करून सांगितलं की गर्दी नसलेल्या महिन्यांत पूल बंद ठेवून टाकी वाढवायचा प्रस्ताव मालकांकडे गेला आहे. या वेळी ते शांतपणे बोलले, मीही. लेखी मात्र अजून काही आलेलं नाही, त्यामुळे पैसेही माझ्याकडेच आहेत.