पुणे ते पणजी सायकलवर: हायवे धरायचा की किनारा?

पुण्याहून पणजीला मी सायकलने दोनदा गेलो. पहिल्यांदा एकटा, हायवेने: सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा आणि मग आंबोली उतरून सावंतवाडी. दुसऱ्यांदा मित्राबरोबर, ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून थेट तेरेखोलपर्यंत. पहिला रस्ता साधारण साडेचारशे किलोमीटरचा, दुसरा सहाशेच्या आसपास. पहिल्याला पाच दिवस लागले, दुसऱ्याला दहा. खिशात मोजकेच पैसे असतील आणि यातला एकच रस्ता निवडायचा असेल, तर तो कसा निवडावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

तिसरा रस्ता, म्हणजे पनवेलवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, मी विचारातच घेतलेला नाही. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं आणि ते काम पुढे वर्षानुवर्षं कसं रखडलं ते कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वाहतूक हायवेची आणि समुद्र कुठेच दिसत नाही. सायकलवाल्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

आधी पैशाबद्दल. सायकलला पेट्रोल लागत नाही आणि टोलही लागत नाही, त्यामुळे सगळा खर्च पोटाचा आणि पाठ टेकण्याचा. हायवेवर मी चार रात्री काढल्या. सातारा आणि कोल्हापूरला एसटी स्टँडजवळचे लॉज, आजरा आणि सावंतवाडीलाही तसेच. सरासरी सातशे रुपये रात्र धरा. जेवणखाण, चहा, केळी, उसाचा रस मिळून दिवसाला साडेचारशे. पाच दिवसांचे साधारण पाच हजार झाले. किनाऱ्यावर नऊ रात्री होत्या. घरगुती खोली हजाराच्या आसपास, दोघांत वाटून पाचशे. जेवण दिवसाला चारशे, कारण मासे आम्ही एक दिवसाआड खाल्ले. तरींचे, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींचे, सगळे पैसे मिळून दीडशेच्या आत. माणशी साडेआठ हजारांच्या थोडं वर.

म्हणजे एका दिवसाचा हिशेब केला तर किनारा स्वस्त, हायवे महाग. पूर्ण सहलीचा केला तर उलट. पण यातली खरी मेख वेगळी आहे. हायवेवरच्या गावांत एकट्या माणसाला एकट्याची खोली मिळते, कारण फिरते विक्रेते रोज तिथे मुक्काम करतात. किनाऱ्यावर घरगुती खोली म्हणजे खोली. तुम्ही एक असा की तिघे, भाडं तेवढंच. तीच दहा दिवसांची सहल मी एकट्याने केली असती तर तेरा हजारांच्या पुढे गेली असती. म्हणून रस्ता ठरवण्याआधी सोबत ठरवा. एकटे असाल आणि पैसे कमी असतील, तर हायवे. दोघे-तिघे असाल, तर किनाऱ्याचा विचार करायला हरकत नाही.

एकट्याला किनाऱ्यावर थोडा आधार देवस्थानांचा आहे. गणपतीपुळ्याला भक्तनिवास आहे, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी प्रसाद मिळतो. पण अशा जागा सोयीच्या अंतरावर येतीलच असं नाही. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात तर सगळ्याच खोल्यांचे दर चढतात. तो आठवडा टाळाच. रविवारी निघून पुढच्या मंगळवारी पोचलो, तर सगळा किनारा एकाच शनिवार-रविवारात अडकतो, असा आमचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

आता चढाबद्दल. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, माझाही चुकला होता. समुद्राकाठचा रस्ता म्हटलं की डोळ्यांपुढे सपाट रस्ता येतो. कोकणचा किनारा तसा नाही. गाव खाली खाडीच्या तोंडाशी, मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे त्या दगडाचं उघडं पठार, आणि पलीकडे पुन्हा खाली दुसरी खाडी. धोपाव्याला तरीतून उतरलात की ओल्या टायरांनीच चढाला लागायचं. सड्यावर आलात की तासभर सावली नाही, फक्त काळा पडलेला जांभा, वाळलेलं गवत आणि मधूनच एखादी आंब्याची बाग. मग तीव्र उतार, पूल किंवा तर, आणि परत चढ. दिवसातून चार-पाच वेळा हे होतं. चढ लांबीला छोटे, पण असे उभे की सगळ्यात हलका गिअर टाकूनही पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं. सामान मागच्या कॅरिअरवर असेल तर जास्तच.

हायवेला मोठे चढ मोजकेच. जुना कात्रज घाट सकाळच्या गारव्यात निघून जातो. मग शिरवळच्या पुढे खंबाटकी. साताऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांना बोगदा आहे, आपल्याला मात्र घाटच चढावा लागतो. लांब आहे, पण चढ एकसारखा आहे. लय एकदा सापडली की सुटत नाही. आजऱ्याहून आंबोलीपर्यंत तर चढ फारसा जाणवतच नाही, कारण आपण आधीच वर असतो. सह्याद्री ओलांडून गेलो तेव्हा पाय जेवढे भरून आले नाहीत तेवढे किनाऱ्यावर गुहागर ते रत्नागिरीच्या टप्प्यात आले.

यातून सायकलचा प्रश्न आपोआप सुटतो. घरात बिनगिअरची साधी सायकल असेल तर ती हायवेवर चालून जाईल. खंबाटकीत थोडं हातात धरून चालावं लागेल, एवढंच. किनाऱ्यासाठी मात्र गिअरची सायकल हवी आणि मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र हवं. नवी घ्यायला पैसे नसतील तर मित्राची मागून घ्या, नाहीतर जुनी घ्या. पण घाईत कर्ज काढून सायकल घेऊ नका. त्या पैशांत हायवेच्या तीन सहली होतील.

हायवेच्या विरोधात एकच मोठी गोष्ट आहे आणि ती फार मोठी आहे. सायकलला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तेव्हाच उसाचा गाळप हंगाम असतो. कराडपासून कोल्हापूर-निपाणीपर्यंत ऊस भरलेले ट्रॅक्टर चालू असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला असतो, मागे दिवा बहुतेक वेळा नसतो आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी एवढ्या मोठ्याने चालू असतात की आपली घंटा त्याला ऐकू जाणं शक्य नाही. पेठ नाक्याच्या पुढे अशीच एक ट्रॉली मला ओलांडून गेली आणि उसाचं वाढं हेल्मेटला घासत गेलं. पानाची कड कानामागे कापून गेली, बारीक रेघ, पण कोल्हापूरपर्यंत घामाने चुरचुरत होती. त्या दिवसापासून नियम केला: सूर्य उतरला की रस्ता सोडायचा, मुक्कामाचं गाव दहा किलोमीटरवर असलं तरी. मधल्या गावात जे मिळेल तिथे थांबायचं. पुलांवर न चढता खालच्या सर्व्हिस रोडने जायचं. जिथे सहापदरीचं काम चालू आहे तिथे वळवलेल्या रस्त्यावर खडी असते, तिथे ट्रकला आधी जाऊ द्यायचं.

त्याच उसाची गोड बाजूही सांगायला हवी. कागलच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर पाणी मागायला थांबलो, तर मामांनी पळसाच्या पानावर गरम काकवी वाढली आणि वर भाजलेले शेंगदाणे टाकले. काहीलीतून वाफा येत होत्या. पैसे विचारले तर म्हणाले, "सायकलनं निघालाय न्हवं, मग खावा की." पुढचे वीस किलोमीटर मला काही खावं लागलं नाही.

किनाऱ्यावर वाहतुकीची अशी भीती नाही. दोन-दोन तास एसटी सोडून काही भेटत नाही. भीती आहे ती दुपारची. अकरानंतर दमट हवेत घाम वाळतच नाही, शर्ट अंगाला चिकटलेला राहतो आणि तहान कळण्याआधी डोकं दुखायला लागतं. त्यामुळे सकाळी सहाला निघायचं, अकराला थांबायचं, तीनला परत निघायचं. त्यात दिवसाला साठच किलोमीटर होतात आणि तेवढेच धरावेत. एक गोष्ट बाजूने आहे: दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येकडून असतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याला पाठीवर. गोव्याहून उलट यायचा विचार असेल तर एवढ्यासाठी तरी करू नका.

जेवणाचं तंत्र दोन्हीकडे वेगळं. हायवेला रात्री अकरालाही राईसप्लेट मिळते. किनाऱ्यावरच्या छोट्या गावात दीड-दोननंतर चूल थंड. खाणावळीला सकाळीच फोन करून "दोन ताटं ठेवा" असं सांगावं लागतं. आम्ही पहिल्या दिवशी सांगितलं नाही आणि बिस्किटांवर संध्याकाळ काढली. नंतर शिकलो. वेळणेश्वरच्या पुढे एका घरी पाण्याच्या बाटल्या भरायला गेलो तेव्हा काकींनी बाटल्या घेतल्या, पण पाणी दिलं नाही. "आधी बसा पडवीत. एवढ्या घामात गटागटा पाणी नाही प्यायचं," म्हणाल्या, आणि पाच मिनिटांनी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), जिरं, मीठ घातलेलं सरबत घेऊन आल्या. मिठाचा तो घोट पोटात गेल्यावर मांड्यांतले गोळे सुटत गेले. आता मी सायकलला आगळाची छोटी बाटली बांधल्याशिवाय कोकणात जात नाही.

तरींबद्दल थोडं, कारण किनारा निवडण्याचं माझं अर्धं कारण त्याच आहेत. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि शेवटी तेरेखोलहून केरी. चहा-वड्याच्या पैशांत माणूस आणि सायकल पलीकडे. लोखंडी रॅम्प काँक्रीटच्या उतारावर खरखरत टेकतो, त्याच्या खाली लाट फुटते आणि पहिल्यांदा दुचाक्या आत घेतात. त्या उतारावर शेवाळ असतं. सायकल हातात धरून, पाय आडवे टाकत जा. सायकलवर बसून उतरू नका. चेनची बाजू पाण्याकडे नको, खारं पाणी उडालं की दोन दिवसांत चेन करकरते. पलीकडे गेल्यावर ओलं फडकं फिरवून तेलाचे चार थेंब सोडायचे.

मोडतोडीची भीती किनाऱ्यावर जास्त. गावातल्या सायकलवाल्याकडे साध्या सायकलची ट्यूब आणि टायर असतात. बारीक चाकाची ट्यूब किंवा बारीक व्हॉल्व्हला बसणारा पंप बहुधा नसतो. मध्ये मोठं गाव म्हणजे रत्नागिरीच. म्हणून दोन ट्यूब, पॅच, छोटा पंप, चार स्पोक, चेन जोडायची कडी आणि ब्रेकचे जादा रबर बरोबर हवेतच. हायवेला यातलं निम्मं पुरतं, कारण सातारा, कराड, कोल्हापूर तिन्हीकडे गिअरची सायकल जाणणारी दुकानं आहेत. ब्रेकचे रबर मात्र तिथेही न्या, आंबोली उतरताना ते खरंच झिजतात. घाटात दर दोन-तीन वळणांनी थांबून रिमला बोट लावून बघा. चटका बसला तर पाच मिनिटं बसा. पण केळी पिशवीच्या आत ठेवून बसा, माकडं हँडलवरची पिशवी सोडत नाहीत.

सुट्टी सहा-सात दिवसांचीच असेल, तर मी तिसराच सल्ला देईन. कोल्हापूरपर्यंत हायवेने दोन दिवसांत या. तिथून निपाणीकडे न जाता राधानगरी, दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरून कणकवली गाठा. हा दिवस मोठा आहे, पण शेवटी घाटाचा उतार आहे. चौथ्या दिवशी मालवण आणि मग वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत तेरेखोल. किनाऱ्याचा सगळ्यात देखणा तुकडा मिळतो, चढ गुहागर-रत्नागिरीएवढे जीवघेणे नाहीत आणि मुक्काम पाचच. दोघांचा खर्च माणशी पाच-साडेपाच हजारांत बसावा. दाजीपूरच्या भागात गव्यांचा वावर आहे, तेव्हा तो टप्पा उजाडल्यावरच करा.

परतीचे पैसे वेगळे काढून ठेवा, हे सगळेजण विसरतात. मडगावहून गोवा एक्स्प्रेस मिरज, साताऱ्यावरून पुण्याला येते. सायकल पार्सलने तिच्यात चढवता येते. गाडीच्या तीन-चार तास आधी पार्सल ऑफिसात जायचं, ओळखपत्राची प्रत आणि शक्य असेल तर सायकलची पावती हाताशी ठेवायची. रात्रीच्या बसच्या डिकीतही सायकल जाते, पण भाव आधी ठरवा. एका बसवाल्याने चढताना एक आकडा सांगितला आणि उतरताना दुसरा, वर डिकीत आडवी टाकून गिअरची पट्टीही वाकवली. म्हणून आता मी पुढचं चाक आणि पेडल काढून फ्रेमला सुतळीने बांधतो, गिअरच्या बाजूला जुनी चादर गुंडाळतो आणि ती बाजू वर येईल अशी सायकल स्वतःच्या हाताने आत ठेवतो. चादर पुण्याहूनच न्या, मुक्कामाला अंथरायला होते.