विजेची स्कूटर : सामाईक कनेक्टर की कंपनीचा स्वतःचा?

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात राहणारे आणि विजेवर चालणारी स्कूटर घेण्याच्या विचारात असलेले परिचित सल्ला विचारतात, तेव्हा बोलणे बहुधा गाडीचा पल्ला, किंमत आणि बॅटरीची हमी यांभोवतीच फिरते. या तिन्ही गोष्टींची माहिती शोरूममध्ये शिरताक्षणी मिळते, म्हणून ती येथे देत नाही. ज्या मुद्द्यावर माझी स्वतःची निवड ठरली तो शोरूममध्ये सहसा निघतच नाही. चार्जिंगची गन गाडीत जिथे बसते ते तोंड, म्हणजेच कनेक्टर, त्या एकाच कंपनीचे आहे, की प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून स्वीकारलेले आहे, हा तो मुद्दा.

आमच्या घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत. मुलाची आधी आली आणि तिचा कनेक्टर तिच्या कंपनीचा खास आहे. माझी नंतर आली आणि तिचा कनेक्टर सामाईक मानकाचा आहे. चालवण्याच्या दृष्टीने दोन्ही चांगल्या आहेत, किंबहुना सिग्नल सुटल्यावर मुलाचीच गाडी अधिक चपळ वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

कनेक्टरकडे माझे लक्ष जाण्याचे कारण व्यवसायातले आहे. महापे एमआयडीसीत वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचे जोडणीसह जुडगे, तयार करणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात, माझी बरीच वर्षे गेली. त्या कामात 'यूएसकार-२' हे कनेक्टरच्या कसोट्यांचे नाव कानावर पडले नाही असा आठवडा जात नसे. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्यांनी १९९२ मध्ये एकत्र येऊन संशोधनासाठी 'यूएसकार' ही संस्था स्थापन केली. अमेरिकेत १९८४ मध्ये झालेल्या कायद्यामुळे स्पर्धक कंपन्यांना एकत्र संशोधन करताना मक्तेदारीविरोधी खटल्यांची धास्ती पूर्वीइतकी उरली नव्हती, त्यामुळे अशा संस्थेला वाट मोकळी झाली होती. बॅटरी, हलके धातू असे मोठे विषय तिथे होतेच. परंतु आमच्यासारख्यांच्या पोटापाण्याशी संबंध आला तो वायरिंगच्या कनेक्टरसाठी ठरवलेल्या कसोट्यांचा. तारेच्या टोकाचे धातूचे टर्मिनल कनेक्टरच्या खाचेत बसताना किती जोर लागावा, लॉक किती ओढीला सुटू नये, तापमानाचा कोणता वर्ग इंजिनाजवळ चालेल आणि कोणता फक्त केबिनमध्ये, हे सारे त्यात लिहिलेले असते. जोडलेला कनेक्टर कंपनयंत्रावर बांधून त्यातून वीज वाहती ठेवायची आणि क्षणभरही संपर्क तुटतो का ते पाहायचे, मग उष्ण-थंड चक्रातून काढून पुन्हा रोध मोजायचा, असा तो क्रम असतो. तीन कंपन्यांच्या तीन निराळ्या कसोट्या असत्या, तर पुरवठादाराला तोच कनेक्टर तीनदा जाळावा, गोठवावा आणि हादरवावा लागला असता आणि तो खर्च गाडीच्या किमतीतच गेला असता.

हे सहकार्य जमले याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, उदारपणात शोधू नये. डॅशबोर्डच्या मागे कोणता कनेक्टर आहे हे पाहून कोणी गाडी घेत नाही, त्यामुळे त्या बाबतीत वेगळेपण राखून कोणाचाच फायदा नव्हता. आपल्याकडे वाहनांच्या चाचण्या घेणारी पुण्याची एआरएआय ही संस्थाही वाहन उद्योगानेच सरकारच्या साथीने १९६६ मध्ये उभी केली, आणि तिथेही स्पर्धक कंपन्यांच्या गाड्या एकाच चाचणीपट्टीवरून जातात. चार्जिंगच्या तोंडाची गोष्ट मात्र निराळी आहे. ते ग्राहकाच्या हातात येते, त्यावर कंपनीचे जाळे उभे असते, आणि 'आमचे चार्जर फक्त आमच्या गाड्यांना' असे म्हणण्यात विक्रीचा मोह दडलेला असतो. पडद्याआड एकत्र येणाऱ्या कंपन्या दर्शनी भागात वेगळ्या चुली मांडतात, त्या यामुळेच.

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ मिटला आहे. २०१७ नंतर सरकारी खरेदीतून रस्त्यावर आलेल्या ई-व्हेरिटो आणि टिगोरसारख्या सुरुवातीच्या गाड्यांसाठी १५ किलोवॉटचे 'भारत डीसी-००१' चार्जर लागत आणि त्यांची गन चिनी जीबी/टी धाटणीची असे. २०१९-२० मध्ये कोना, झेडएस आणि नेक्सॉन या विजेवरच्या गाड्या सीसीएस-२ हा युरोपात रूढ असलेला कनेक्टर घेऊन आल्या आणि त्यानंतर टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई अशा एकमेकींची गिऱ्हाइके पळवणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच गनवर चार्ज होऊ लागल्या. आज मोटार घेणारा माणूस कनेक्टरबद्दल विचारत नाही, कारण विचारण्याची गरज उरलेली नाही. दुचाकी घेणाऱ्याला मात्र ती गरज आहे.

दुचाकींसाठी आपल्याकडे जे सामाईक मानक पुढे आले, त्याचे नाव 'लाइट इलेक्ट्रिक कम्बाइन्ड चार्जिंग सिस्टिम', थोडक्यात एलईसीसीएस. एथर एनर्जीने ते स्वतःच्या स्कूटरसाठी विकसित केले, २०२१ मध्ये इतर कंपन्यांना वापरण्यासाठी खुले केले आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोची त्यावर मोहोर उमटल्याचे जाहीर झाले. आयएस १७०१७ या मालिकेतील भाग २, विभाग ७ तो हाच. घरचा एसी पुरवठा आणि रस्त्यावरचा डीसी फास्ट चार्जर, दोन्हींसाठी एकच तोंड, हे त्याचे वैशिष्ट्य. हिरो मोटोकॉर्पने आपल्या विडा स्कूटरसाठी तेच स्वीकारले आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांनी आपली फास्ट चार्जिंगची जाळी परस्परांच्या ग्राहकांना खुली केली. हिरो ही एथरची जुनी आणि मोठी भागधारक आहे, त्यामुळे या दोघांना पुरते परके म्हणता येणार नाही, हे खरेच; तरीही शोरूममध्ये दोघींचा ग्राहक एकच असतो आणि दोघींचे विक्रेते एकमेकींच्या गाड्यांची उणीदुणी काढण्यात मागे नसतात.

आता ज्या एका त्रासावर माझा निर्णय झाला त्याकडे येतो. आमची इमारत सिडकोच्या काळातली, चार मजली, लिफ्ट नसलेली. खांबांवर उचललेले वाहनतळ नाही. गाड्या कुंपणाच्या आत, उघड्यावर, जागा मिळेल तशा लागतात. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडणे सोसायटीला मान्य नाही, आणि पावसाळा पाहता ते योग्यच आहे. मीटर रूमपासून स्वतंत्र लाइन ओढण्याची परवानगी मागणारा आमचा अर्ज कमिटीपुढे आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येईल असे सेक्रेटरी दर वेळी सौजन्याने सांगतात. तात्पर्य, मुलाच्या गाडीचा भरवसा रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर.

आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर एका दुकानासमोर दोन फास्ट चार्जर आहेत, आणि ते दोन्ही त्याच्या गाडीच्या कंपनीचे नाहीत. त्याच्या कंपनीचा जवळात जवळचा चार्जर रेल्वे स्टेशनपलीकडे आहे आणि संध्याकाळी तिथे पोहोचावे तर आधीच दोन गाड्या उभ्या असतात, किंवा चार्जरसमोर कोणीतरी पेट्रोलची मोटार लावून निघून गेलेला असतो. परतताना आमच्या कोपऱ्यावरचे दोन चार्जर हिरवा दिवा लावून रिकामे दिसतात. मुलाने एकदा त्यातली गन उचलून आपल्या गाडीच्या झाकणाखालच्या तोंडाशी धरून पाहिली. पिनांची मांडणीच वेगळी; गन कडेवर टेकली आणि तिथेच थांबली. वीज आहे, चार्जर मोकळा आहे, पैसे द्यायला माणूस तयार आहे, आणि हाताच्या अंतरावर असलेली वस्तू निरुपयोगी. बॅटरी १२ टक्क्यांवर असताना हा प्रकार जेवढा चिडवतो, तेवढी कंपनीची कुठलीही जाहिरात समजूत घालू शकत नाही.

यावर मध्ये लावायचा अडॅप्टर का नाही, असे अनेक जण विचारतात, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. हा कनेक्टर घरच्या तीन पिनांच्या प्लगसारखा नसतो. वीज वाहणाऱ्या जाड पिना आणि अर्थिंग यांच्या जोडीला त्यात बारीक पिनाही असतात आणि त्यांतून चार्जर व गाडीची बॅटरी यांच्यात आधी बोलणे होते. किती व्होल्टेज हवे, किती प्रवाह चालेल, तापमान ठीक आहे का, हे जुळल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही, आणि सोडू नये हेच सुरक्षित. म्हणजे कोणी कारागिराने बाहेरचे तोंड कापून-घासून जुळवले, तरी दोन कंपन्यांची आतली भाषा वेगळी असेल तर काही घडणार नाही, आणि घडले तर ते न घडलेले बरे असे असेल. सामाईक मानकात केवळ प्लास्टिकचा आकार नव्हे, तर हे बोलणेही आधीच ठरवलेले असते. यूएसकारच्या कसोट्या हाताळलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

बंदिस्त कनेक्टरची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती अगदीच लंगडी नाही. गाडी, चार्जर आणि अॅप तिन्ही एकाच कंपनीचे असले की बिघाडाची जबाबदारी कोणावर, हा वाद होत नाही. सुधारणा करायची तर दुसऱ्या कंपनीच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय इतिहासात उलटही घडले आहे. अमेरिकेत टेस्लाचा कनेक्टर वर्षानुवर्षे तिचा एकटीचा होता, तर बाकीच्या बहुतेक कंपन्या सीसीएसवर एकत्र होत्या. तरीही २०२३ च्या मे महिन्यात फोर्डने, जूनमध्ये जनरल मोटर्सने आणि पाठोपाठ इतरांनी टेस्लाचाच कनेक्टर स्वीकारायचे ठरवले. जाळे मोठे आणि भरवशाचे असेल, तर एकट्याचा कनेक्टरही सर्वांचा होऊ शकतो. मात्र त्यासाठी टेस्लाला २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपले आराखडे जाहीर करावे लागले आणि पुढे एसएई या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तो कनेक्टर जे३४०० या क्रमांकाने आपल्या यादीत घेतला. एथरची वाटही याच प्रकारची दिसते. उलटपक्षी, जपानी कंपन्यांचा शाडेमो कनेक्टर एके काळी जगभर पोहोचला होता, पण युरोप-अमेरिकेत सीसीएसने बाजी मारल्यावर तिथल्या जुन्या निसान लीफच्या मालकांसाठी नवे चार्जर दुर्मीळ होत गेले. गाडी धडधाकट आणि तोंड मात्र गैरसोयीचे, अशी त्यांची गत झाली. सात-आठ वर्षे वापरायच्या दृष्टीने गाडी घेणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नसावी.

ज्यांच्याकडे स्वतःच्या जागेवर वीज आहे, त्यांना हा सारा खटाटोप कदाचित अनावश्यक वाटेल, आणि त्यांचे तसे वाटणे रास्त आहे. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत किंवा पाम बीच रोडलगतच्या इमारतींत ठरलेल्या पार्किंगवर पॉइंट मिळत असेल, गाडी रोज ऐरोली ते महापे किंवा ठाणे ते वागळे इस्टेट एवढीच धावत असेल, तर रात्री लावली की सकाळी भरलेली असते आणि रस्त्यावरच्या चार्जरशी संबंधच येत नाही. अशांनी कनेक्टरचा मुद्दा यादीत खाली ठेवला तरी चालेल; सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे हे त्यांनी आधी पाहावे.

परंतु सिडकोच्या जुन्या वसाहती, भाड्याची घरे, वर्तकनगर-लोकमान्यनगरसारख्या भागांतल्या बिनपार्किंगच्या इमारती, इथल्या माणसाला निवड करताना हा प्रश्न पहिल्या क्रमांकावर घ्यावा लागेल असे मला वाटते. मी स्वतः विडा घेतली ती दोन कारणांनी. एक, कोपऱ्यावरचे ते दोन चार्जर तिला चालतात. दुसरे, तिची बॅटरी काढून वर घरात नेता येते, त्यामुळे कमिटीची सभा कधी का होईना. बॅटरी घेऊन तीन जिने चढणे हा व्यायाम रोज करावा असा नाही, आणि साठीजवळच्या माणसाला मी तो सुचवणारही नाही. पण चार्जर बंद पडला त्या आठवड्यात त्यानेच काम भागले. गाडीच्या बांधणीत मला काही गोष्टी खटकतात, सीटखालची जागा बॅटऱ्यांनी बरीचशी खाऊन टाकली आहे, आणि दोन कंपन्यांच्या सामाईक जाळ्यातही एखादा चार्जर अॅपवर सुरू दिसतो आणि प्रत्यक्षात मेलेला असतो. सामाईक मानक असले म्हणून दुरुस्ती वेळेवर होईलच असे नाही. फरक एवढाच की तो मेलेला निघाला, तर पुढचा कोणाचा आहे हे न पाहता त्याच्याकडे वळता येण्याची शक्यता जास्त असते.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक करावे असे सुचवतो. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आपल्या घरापासून पायी जाता येईल एवढ्या टापूतले सगळे फास्ट चार्जर फिरून पाहावेत. कोणती गन कुठे आहे, किती रिकाम्या आहेत आणि किती प्रत्यक्षात चालू आहेत, हे तिथे उभ्या असलेल्या गाडीवाल्यांना विचारावे. माहिती ते हातचे राखून ठेवत नाहीत, थोडा वेळ मात्र जातो.